घोंगडीची पारख : कोल्हापूर परिसरातील लोकरी हातमाग वस्त्रांची तुलना आणि तिचे निकष

प्रस्तावना

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात वस्त्रव्यवसायाची दोन अगदी भिन्न रूपे एकमेकांपासून थोड्या अंतरावर पाहावयास मिळतात. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे या गावाची ओळख सुती यंत्रमागाचे मोठे केंद्र अशी झाली. तेथील व्यापारी कापडाविषयी बोलतो तेव्हा सुताचा क्रमांक, इंचातील धाग्यांची संख्या, पन्हा व मीटरचा दर अशा भाषेत बोलतो. त्याच तालुक्यातील पट्टणकोडोली येथे दसऱ्यानंतर श्री विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडारा व खोबऱ्याबरोबर देवावर लोकर उधळली जाते आणि यात्रेच्या बाजारात घोंगड्यांची विक्री होते. येथे गिऱ्हाईक घोंगडी उलगडते, हात फिरवते, उचलून वजनाचा अंदाज घेते आणि भाव विचारते. दोन घोंगड्यांच्या भावात दुपटीचा फरक का, या प्रश्नाला विक्रेत्याकडून मिळणारे उत्तर बहुधा एकाच वाक्याचे असते : ‘माल चांगला आहे.’

हा ‘चांगला’ शब्द कशाकशाचा मिळून बनलेला आहे, याचे स्पष्टीकरण करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. प्रश्न केवळ ग्राहकाच्या सोयीचा नाही. एकाच आकाराच्या व जवळजवळ एकाच वजनाच्या दोन घोंगड्यांपैकी एकीसाठी घरातील स्त्रियांनी कित्येक दिवस चरख्यावर सूत कातलेले असते, तर दुसरीचे सूत गिरणीतून आलेले असते. तुलनेचे निकष सांगता आले नाहीत तर बाजार वजन आणि मऊपणा या दोनच गोष्टींवर भाव ठरवितो आणि या दोन्ही कसोट्यांवर हाताने कातलेल्या दख्खनी लोकरीची घोंगडी हरते.

घोंगडी आणि किल्ट

विणकरागणिक लोकरी कापडाची तुलना करण्याची सवय जगात जेथे चांगली मुरलेली आहे, अशा ठिकाणांपैकी स्कॉटलंड हे एक. तेथील किल्ट हे कमरेभोवती नेसावयाचे, मागे चुण्या घातलेले टार्टनचे वस्त्र. टार्टन म्हणजे रंगीत धाग्यांच्या ठरावीक क्रमाने विणलेली चौकटींची लोकर. आज हे समारंभाचे व लष्करी बँडचे वस्त्र वाटत असले तरी त्याचे मूळ रूप वेगळे होते. सतराव्या शतकातील डोंगराळ भागातील स्कॉटिश माणूस लोकरीचे लांबरुंद पांघरूण कमरेला पट्ट्याने बांधून खालचा भाग नेसत असे, वरचा खांद्यावर घेत असे आणि रात्री त्यातच गुंडाळून झोपत असे. इंग्रजीत चौकटींच्या कापडाला रूढ झालेला ‘प्लेड’ हा शब्द गेलिक भाषेत पांघरुणाचाच वाचक आहे. दिवसा खांद्यावर, पावसात खोळ करून डोक्यावर आणि रात्री अंथरूण-पांघरूण म्हणून घोंगडी वापरणाऱ्या धनगराला हे वस्त्र परके वाटण्याचे कारण नाही. सोवळ्यात नेसावयाची धाबळी हाही लोकरीचे न शिवलेले वस्त्र नेसण्याचा आपल्याकडील एक प्रकार होय.

या साम्याला एक तांत्रिक बाजू आहे. किल्टच्या खालच्या कडेला दुमड घालून शिलाई करीत नाहीत. मागावर तयार झालेला काठच तेथे दिसतो. म्हणून किल्टचे कापड निवडताना काठ सरळ, घट्ट व गाठीविरहित आहे की नाही हे प्रथम पाहिले जाते. घोंगडीही कापून शिवली जात नाही. तिचे दोन्ही काठ मागावरचे असतात आणि दोन टोकांना ताण्याच्या दशा राहतात. धोटा परतताना बाण्याचा धागा कोठे जास्त ओढला गेला, कोठे सैल राहिला, हे काठावर उघड दिसते. विणकराचा हात ओळखावयाचा असेल तर घोंगडीचा मध्यभाग पाहण्याआधी तिचा काठ पाहावा. जमिनीवर पसरल्यावर ज्या घोंगडीचा काठ लाटेसारखा उठतो, तिच्या विणीत ताण सारखा राखला गेलेला नाही.

दोन्हींमधील भेदही लक्षात ठेवला पाहिजे. किल्टचे सूत विंचरलेल्या लांब तंतूंचे, घट्ट पिळाचे असते व वीण तिरकी, म्हणजे दोन धाग्यांवरून आणि दोन धाग्यांखालून जाणारी असते; त्यामुळे चुण्यांची घडी टिकते. घोंगडीचे सूत पिंजलेल्या आखूड-लांब मिश्र तंतूंचे असते. त्यात हवा कोंडलेली राहते आणि ऊब त्या हवेची असते. किल्टच्या कसोट्या जशाच्या तशा उचलून घोंगडीला लावता येणार नाहीत. त्यामागची पद्धत मात्र घेता येते.

लोकर

घोंगडीचा बराचसा निकाल मागापर्यंत पोहोचण्याआधीच लागलेला असतो. पश्चिम महाराष्ट्रातील पारंपरिक मेंढी दख्खनी जातीची. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी व कोल्हापुरी असे तिचे स्थानिक प्रकार अभ्यासक मानतात. हिची लोकर काळी, तपकिरी, करडी वा मिश्र रंगाची, जाडीभरडी आणि केसाळ असते. मेरिनो लोकरीच्या तंतूचा व्यास साधारणपणे २० मायक्रॉनच्या आसपास असतो, तर दख्खनी लोकरीचा ४० च्या पुढे जातो. तंतूचे टोक सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा जाड असेल तर ते त्वचेवर वाकत नाही, टोचते. घोंगडी टोचते ती या कारणाने. टोचण्यामुळे रक्ताभिसरण सुधारते, पाठदुखी जाते, अमुक रोग बरा होतो, अशा जाहिराती अलीकडे विक्रेते करतात. त्यांना आधार नाही आणि त्यांची गरजही नाही. जाड तंतू अंथरुणाच्या कापडाला झीज सोसण्याचे बळ देतो, हा त्याचा खरा आणि पुरेसा गुण आहे.

मेंढीची कातरणी सामान्यतः वर्षातून दोनदा होते आणि एका कातरणीत पाव ते अर्धा किलो लोकर मिळते. तीत माती, काटेकुसळे व तेलकट अंश असल्याने साफ केल्यावर वजन आणखी घटते. या हिशेबाने दोन किलोच्या एका घोंगडीमागे आठ-दहा मेंढ्यांची एका खेपेची लोकर लागते. कोकराची पहिली कातरणी ‘जावळ’ या नावाने ओळखली जाते. जावळाचा तंतू बारीक आणि न कातरलेल्या नैसर्गिक टोकाचा असतो, म्हणून जावळाची घोंगडी मऊ लागते व महाग विकली जाते. हा निकष खरा आहे. मात्र जावळ थोडेच मिळते. बाजारात जावळाची म्हणून मांडलेल्या मालापैकी काही माल मिश्र असणार, हे साध्या अंकगणितावरूनही कळते. त्याशिवाय जावळाची घोंगडी अंगावर घेण्यास उत्तम असली तरी रोज जमिनीवर अंथरण्यास ती योग्य नव्हे. बारीक तंतू लवकर झिजतो. दोन घोंगड्यांत ‘श्रेष्ठ कोणती’ असे विचारण्यापूर्वी ‘कशासाठी’ हे विचारावे लागते ते यासाठी.

लोकरीच्या पुरवठ्यातील बदलाचाही येथे उल्लेख करावयास हवा. मेंढपाळाचे उत्पन्न आता प्रामुख्याने मांसासाठी विकल्या जाणाऱ्या मेंढरांतून येते. जत तालुक्यातील माडग्याळ जातीची मेंढी अंगाने मोठी, उंच, बाकदार नाकाची व पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची असते. तिला लोकर फारच कमी. कळपात माडग्याळ नर सोडल्याने कोकरांचे वजन वाढते आणि लोकर घटते. मेंढपाळाच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. अनेकदा कातरणीची मजुरीदेखील लोकरीच्या भावातून निघत नाही आणि कातरलेली लोकर टाकून दिली जाते. विणकराला मात्र एकसारखी काळी लोकर मिळविणे कठीण होत जाते. एखाद्या घोंगडीतील रंगाची विसंगती ही विणकराची हयगय नसून त्याला मिळालेल्या कळपांची स्थिती असू शकते.

काळ्या रंगाबाबत आणखी एक बारकावा आहे. नैसर्गिक काळ्या लोकरीची टोके उन्हाने तांबूस होतात. त्यामुळे न रंगविलेल्या घोंगडीचा काळेपणा जवळून पाहता कधीच सपाट नसतो. त्यात तपकिरी झाक आढळते. एकजिनसी, गडद, चकाकणारा काळा रंग दिसला तर तो डाईचा असण्याची शक्यता अधिक. ओले पांढरे फडके चोळून पाहिल्यास कच्चा रंग फडक्यावर उतरतो. धार्मिक कार्यासाठी न रंगविलेली घोंगडी हवी असणाऱ्यांना ही कसोटी विशेष उपयोगी आहे. टार्टनच्या बाबतीत प्रश्न वेगळ्या स्वरूपात येतो. एकाच कुळाचे टार्टन दोन विणकर कंपन्यांकडून घेतले तर धाग्यांचा क्रम तोच असूनही हिरव्या-निळ्याच्या छटा जुळत नाहीत आणि सुताच्या जाडीनुसार चौकट लहान-मोठी होते. म्हणून जाणकार ग्राहक नुसते टार्टनचे नाव सांगून थांबत नाही. तो विणकर, छटा व वजन या तिन्ही गोष्टी सांगतो.

कातणे, खळ आणि वीण

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या कोल्हापूर खंडात (१८८६) लोकर विणणाऱ्या समाजांची नोंद आहे. धनगरांतील खुटेकर आणि स्वतंत्र असा सणगर समाज हे या व्यवसायाचे परंपरागत वाहक होत. कामाची वाटणीही जुनीच : मेंढपाळ लोकर पुरवितो, पिंजण झाल्यावर घरातील स्त्रिया चरख्यावर सूत कातता​त, पुरुष माग चालवितो. विकताना नाव विणकराचे होते; परंतु सर्वाधिक वेळ कातण्यात जातो, आणि घोंगडीचा दर्जा ठरविणारी सर्वांत महत्त्वाची पायरीही तीच आहे.

ताण्याचे सूत मागावर सतत ताणले आणि फणीने घासले जाते, म्हणून त्यास पीळ अधिक लागतो. बाण्यास तो कमी चालतो, किंबहुना कमीच हवा. सैल पिळाचा बाणा फुगतो, ताण्यामधील फटी भरून काढतो आणि ऊब धरतो. कसलेली कातणारी स्त्री ही दोन प्रकारची सुते वेगवेगळी कातते. दोन्हींना एकच पीळ दिला तर घोंगडी एकतर पत्र्यासारखी ताठ होते किंवा वर्षभरात विरते. हे तपासण्यासाठी दशीचा एक धागा आणि काठाजवळचा बाण्याचा एक धागा बोटांत उलटा फिरवून पाहावा. किती फेऱ्यांत तंतू सुटे होतात यावरून पिळाचा अंदाज येतो. गिरणीच्या सुताची जाडी सर्वत्र सारखी असते, हाताने कातलेल्या सुतात जाड-बारीक भाग असतात. हा चढउतार दोष मानू नये, परंतु त्याला मर्यादा हवी. ताण्यात जेथे धागा फार बारीक राहिला तेथेच घोंगडी पुढे फाटते.

ताण्यास चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने ताण्यावर पसरली जाते. तिच्यामुळे तंतू धाग्याला चिकटून बसतात व माग चालताना धागा तुटत नाही. नवी घोंगडी ताठ व जड लागते याचे एक कारण ही खळ होय. पाण्यात धुतली की खळ निघते, घोंगडी नरम होते आणि तिचे वजन घटते. खळ देणे हा विणकामाचा आवश्यक भाग आहे; वजन वाढविण्यासाठी ती बेताबाहेर देणे हा मात्र बाजारी प्रकार. न धुतलेल्या दोन घोंगड्यांची तुलना करणे म्हणजे पुष्कळदा दोन खळींची तुलना करणे होय.

किल्टचे कापड कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी धुऊन, थोडे आटवून, दाबून घेतलेले असते. घोंगडीवर अशी अखेरची प्रक्रिया सहसा होत नाही. ती प्रक्रिया वापरणाराच करतो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, ऊब आणि घर्षण मिळाले की ते एकमेकांत अडकतात व कापड आटून घट्ट होते. विणलेच न जाता केवळ या गुणावर तयार होणारे वस्त्र म्हणजे बुरणूस. घोंगडी पावसात भिजत, वाळत, अंगाखाली घासत दोन-तीन वर्षांत हळूहळू अशीच दाट होत जाते, आणि जुनी घोंगडी नवीपेक्षा पाऊस चांगला अडविते, या मेंढपाळांच्या अनुभवामागे हेच कारण आहे. गरम पाण्यात साबण लावून चोळल्यास तीच क्रिया एका दिवसात व वेडीवाकडी घडते. म्हणून घोंगडी गार पाण्यात, रिठ्याने, न पिळता धुवावी.

वजनाचा आकडा

स्कॉटलंडमधील लॉककॅरन, हाउस ऑफ एडगर अशा कंपन्यांच्या नमुन्यांवर कापडाचे वजन औंसांत लिहिलेले असते : ११, १३, १६ औंस. हा एक वार लांबीच्या तुकड्याचा भार होय. पन्हा कळल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही. ६० इंच पन्ह्याचे १३ औंस कापड दर चौरस मीटरला सुमारे २६४ ग्रॅम भरते. पन्हा ५४ इंच असेल तर तेच १३ औंस सुमारे २९४ ग्रॅम होतात. आकडा एक, कापड वेगळे. १६ औंसाचे जड किल्ट-कापडही ६० इंच पन्ह्याला चौरस मीटरमागे ३२५ ग्रॅमच्या आसपास येते.

घोंगडीचे वजन तर संपूर्ण नगाचे सांगितले जाते, आणि लांबी हातांनी मोजण्याची रीत जुनी आहे. समजा, एक घोंगडी २.७ मीटर लांब, १.२ मीटर रुंद व २.२ किलो वजनाची आहे. तिचे क्षेत्रफळ ३.२४ चौरस मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ६८० ग्रॅम. दुसरी २.४ किलोची, पण ३ मीटर लांब व १.३ मीटर रुंद असेल तर ती ६१५ ग्रॅम भरेल. काट्यावर दुसरी जड, प्रत्यक्षात पहिली दाट. फूटपट्टी, वजनकाटा आणि एक भागाकार एवढ्यावर हा भ्रम दूर होतो. तरीही यात्रेत वा प्रदर्शनात चौरस मीटरचे वजन लिहिलेली घोंगडी सहसा आढळत नाही.

याहून सूक्ष्म अडचण हवामानाची आहे. लोकर हवेतील बाष्प शोषून घेते आणि आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प धरूनही हाताला कोरडी लागू शकते. सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असताना कोरड्या लोकरीच्या तुलनेत तिच्यात सुमारे दहा-अकरा टक्के पाणी असते, तर ९० टक्क्यांना तेवीसच्या आसपास. कोल्हापुरात एप्रिलची कोरडी दुपार आणि जुलैची झड यांत एवढे अंतर सहज पडते. दोन किलो कोरड्या लोकरीची घोंगडी एप्रिलमध्ये २.२१ किलो भरली तर जुलैत २.४६ किलो भरेल. पाव किलोचा फरक केवळ हवेचा. लोकरीच्या व्यापारात यासाठीच प्रमाणित आर्द्रतेला वजन करण्याचा नियम आहे. महाविद्यालयीन स्तरावर निदान इतके करता येईल की तुलनेसाठी घेतलेले सर्व नमुने एकाच खोलीत चोवीस तास ठेवून एकाच दिवशी तोलावेत.

पाणी धरण्याचा हा गुण मराठी भाषेने केव्हाच टिपून ठेवला आहे. न सुटणाऱ्या प्रकरणाला आपण ‘भिजत घोंगडे’ म्हणतो. बाष्प शोषणारी आणि सरी अडविणारी घोंगडी एकदा पुरती भिजली की उचलवत नाही आणि लवकर वाळत नाही. नैसर्गिक तेलकटपणा शिल्लक असलेल्या लोकरीवर पाण्याचा थेंब काही काळ मोत्यासारखा उभा राहतो. तीव्र साबणाने धुतलेल्या लोकरीत तो लगेच जिरतो. पावसाळी वापरासाठी दोन घोंगड्यांतून निवड करताना ही थेंबाची कसोटी वजनापेक्षा अधिक बोलकी ठरते.

शुद्धतेची परीक्षा

लोकर की कृत्रिम धागा, हे ठरविणे अवघड नाही. दशीचा धागा ज्योतीला लावला तर लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर केल्यावर बहुधा विझते आणि मागे बोटांत चुरडणारी काळी राख ठेवते. ॲक्रिलिक वितळते व कडक मणी राहतो. कापूस कागदासारखा जळतो. मिश्र सुताच्या बाबतीत ही परीक्षा फसवी आहे. तेथे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे साहाय्य घ्यावे. सोडियम हायड्रॉक्साइडच्या पाच टक्के उकळत्या द्रावणात लोकर काही मिनिटांत विरघळते, कापूस व ॲक्रिलिक मागे राहतात. आधी तोललेला कोरडा नमुना आणि उरलेला कोरडा अंश यांवरून मिश्रणाचे प्रमाण काढता येते. पदवी वर्गाच्या प्रात्यक्षिकात बसेल असा हा प्रयोग आहे.

खरी अडचण पुढे आहे. पानिपत येथे जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्या पिंजून पुन्हा सूत काढण्याचा मोठा उद्योग आहे. अशा सुताचे कांबळे ज्योतीच्या व द्रावणाच्या परीक्षेत बव्हंशी लोकरच ठरेल. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तंतू आखूड, टोके तुटलेली आणि एकाच धाग्यात अनेक रंगांचे अंश दिसतात. असे कांबळे स्वस्त आहे, ऊबही देते आणि ते कांबळे म्हणून विकण्यात गैर काही नाही. ते घोंगडी म्हणून विकले जाते तेव्हा कातणाऱ्या स्त्रीचे दिवसच हिशेबातून वगळले जातात.

शिक्का कशाचा?

हातमागाच्या संरक्षणासाठी काही वस्त्रप्रकार केवळ हातमागावर विणले जावेत, अशी तरतूद १९८५ च्या कायद्याने केली. राखीव यादीत कांबळ व कांबळी यांचा समावेश आहे. लोकरी ट्वीडही त्यात आहे. २००६ साली ‘हँडलूम मार्क’ सुरू झाला. तो वस्त्र हातमागावर विणल्याची ग्वाही देतो. सूत हाताने कातले की गिरणीत, हे सांगणे त्याचे काम नाही. १९६४ पासूनचे ‘वूलमार्क’ हे चिन्ह तंतूविषयी बोलते. माग कोणता आणि मेंढी कोठली याच्याशी त्यास कर्तव्य नाही. गिरणीच्या लोकरी सुताची, हातमागावर विणलेली घोंगडी या दोन्ही कसोट्यांना उतरू शकते आणि तरीही दख्खनी लोकर, चरखा व सणगराचे घर यांपैकी पहिल्या दोहोंशी तिचा संबंध नसतो.

तुलनेसाठी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील बेटांवरील हॅरिस ट्वीडचे उदाहरण घेण्यासारखे आहे. १९०९ साली स्थापन झालेल्या संघटनेने शिक्क्याची पद्धत आणली आणि १९९३ च्या ब्रिटिश कायद्याने व्याख्याच निश्चित केली : शुद्ध नवी लोकर, रंगाई व कताई त्याच बेटांवर, विणकाम बेटांवरील रहिवाशांनी आपल्या घरी हाताने केलेले, अखेरची प्रक्रियाही तेथेच. या व्याख्येतही कताई गिरणीत होते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. आपल्याकडे २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यात महाराष्ट्र व कर्नाटकातील जिल्ह्यांचा एकत्र समावेश झाला. घोंगडीचा प्रदेशही असाच सीमेच्या दोन्ही बाजूंना आहे. जत-आटपाडी-सांगोल्याच्या घोंगडीचे आणि चळ्ळकेरेच्या कांबळीचे नाते राज्याच्या हद्दीने तुटत नाही. परंतु मानांकनासाठी अर्ज करावयाचा तर आधी वस्त्राचे लेखी वर्णन लागते, आणि वर्णनासाठी नमुने.

नमुन्यांची वही

टार्टनच्या इतिहासात ही गोष्ट ठळकपणे दिसते. लंडनच्या हायलँड सोसायटीने १८१५ पासून कुळप्रमुखांकडून टार्टनचे नमुने मागवून जतन करण्यास आरंभ केला. बॅनकबर्न येथील विल्सन या विणकर पेढीने १८१९ मध्ये आपल्या नमुन्यांची पुस्तिका केली आणि तीत रंगवार धाग्यांची संख्या लिहून ठेवली. टार्टनची सरकारी नोंदवही २००९ साली सुरू झाली, तेव्हा मागे जवळजवळ दोनशे वर्षांची लेखी सामग्री होती. त्या सामग्रीत काल्पनिक कुळपरंपराही पुष्कळ शिरल्या, हे खरे. तथापि धाग्यांची संख्या काल्पनिक नव्हती आणि त्या संख्येवरून आजही कोणी विणकर तेच कापड विणू शकतो.

घोंगडीसाठी अशी वही करावयाची झाल्यास तिचे एक पान कसे असेल, हे सांगता येईल. घोंगडीचा तुकडा कापणे विणकरास रुचणार नाही. त्याऐवजी माग उतरताना ताण्याच्या उरलेल्या टोकावर विणलेली वीतभर पट्टी घ्यावी. तिच्यापासून दोन नमुने करावेत, एक खळीसह आणि एक गार पाण्यात तीनदा धुऊन वाळविलेला. पानावर लोकर कोणत्या कळपाची, कोणत्या महिन्यातील कातरणीची आणि जावळ किती, याची नोंद असावी. ताणा व बाणा यांचे दर इंचातील धागे भिंगाखाली मोजून लिहावेत. धुण्यापूर्वीचे व नंतरचे चौरस मीटरचे वजन, आटण्याचे प्रमाण आणि वजनाच्या दिवसाची आर्द्रता नोंदवावी. इचलकरंजीतील वस्त्र-अभियांत्रिकीचे शिक्षण, महाविद्यालयांतील रसायनशास्त्र व प्राणिशास्त्र विभागांची सूक्ष्मदर्शके आणि मराठी व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांची क्षेत्रभेटीची सवय ही साधने या कामासाठी एकाच जिल्ह्यात उपलब्ध आहेत. प्रत्येक अवजाराचे आणि प्रत्येक क्रियेचे विणकराच्या तोंडचे नाव त्याच पानावर यावे, कारण पट्टणकोडोलीत एका गोष्टीला जे म्हणतात ते सांगोल्यात म्हणतीलच असे नाही.

आणि विणकराच्या नावाच्या रकान्याशेजारी, त्याच्या संमतीने, सूत कातणाऱ्या स्त्रीच्या नावाचा व तिला लागलेल्या दिवसांचा रकाना असावा.